कोथिंबिरीची जुडी आणि दुसरा मजला

नमस्कार ताई,

मी नाशिकची, वय ३६. आमचे हे गेली तीन वर्षं लोअर परळला नोकरीला आहेत. तिथे तिघांत खोली घेऊन राहतात, शनिवारी रात्री घरी येतात आणि सोमवारी पहाटे परत जातात. इथे मी, सात वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई एकाहत्तरच्या आहेत. गुडघे दुखतात, तरी देवळात, भाजीला, मैत्रिणींकडे रोज त्या एकट्या जातात. जूनपासून सगळ्यांनी मुंबईत राहायचं असं चाललंय. दोन घरं भाड्याने बघितली आहेत. एक पार्ले पूर्वेला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, ३६० चौरस फूट, लिफ्ट नाही. दुसरं ठाण्याच्या घोडबंदर रोडला सत्तावीस मजली टॉवरमध्ये, दोन बेडरूम, खाली बाग, पोहण्याचा तलाव, क्लब हाउस. भाडं जवळपास सारखंच. सगळे म्हणतात, "मुंबई बघायला चांगली, राहायला नाही." मी दोनदा आले तेव्हा गेटवे, मरीन ड्राइव्ह आवडलं, पण लोकलमध्ये चढताना अक्षरशः रडू आलं. एखादं शहर राहायला चांगलं आहे हे ओळखायचं कसं? आणि एप्रिलमध्ये सासूबाईंना दोन दिवस मुंबई दाखवायला आणणार आहे. त्यांचं मन तयार व्हावं म्हणून काय काय दाखवू?

एक वाचक, नाशिक

—

प्रिय मैत्रीण,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील. सासूबाईंना मुंबई दाखवू नका, दोन दिवस मुंबईत राहू द्या. ज्या घराचा विचार चाललाय त्याच्या आसपास मुक्काम करा, तिथल्याच बाजारातून भाजी आणा, तिथल्याच देवळात जा, संध्याकाळी तिथल्याच बाकावर बसा. गेटवे कुठे पळून जात नाही.

"बघायला चांगली, राहायला नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, बहुतेक वेळा लग्नाकार्याला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून. मला ते कधीच पटलं नाही. पाहुण्याला परक्या गावात काय लागतं? चालायला धड फुटपाथ, उन्हात सावली, पाय दुखले तर टेकायला जागा, स्वच्छ संडास, प्यायला पाणी, पत्ता विचारला तर थांबून सांगणारा माणूस, आणि रात्री नऊ वाजता मुक्कामावर परतताना पोटात गोळा न येणं. राहणाऱ्या माणसाला रोज याहून वेगळं काय लागतं? पाहुणा गैरसोय दोन दिवस सोसून घरी जातो, आपल्याला ती वर्षभर सोसावी लागते, एवढाच फरक. आणि मुंबईत तर बघण्यासारखं जे आहे ते बहुतेक सगळं रोजच्या वापरातलंच आहे. सीएसएमटीची इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात, आणि तिच्याच पोटातून रोज लाखो माणसं कामावर जातात. तुम्हाला मरीन ड्राइव्ह आवडला ना? तिथल्या कठड्यावर संध्याकाळी बसलेल्यांतली निम्मी माणसं ऑफिस सुटल्यावर दहा मिनिटं वारा खायला आलेली असतात. तुम्ही त्यांच्याच जागेत जाऊन बसलात आणि तुम्हाला बरं वाटलं. ते शहर बघणं नव्हतं, राहणंच होतं.

आता माझ्या आईची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय तुमच्या दोन घरांबद्दल मला काही बोलताच येणार नाही.

आई लालबागच्या चाळीत चाळीस वर्षं राहिली. वडील गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. आम्ही तेव्हा शहराच्या बाहेरच्या अंगाला एका मोठ्या गृहसंकुलात राहत होतो, अकराव्या मजल्यावर. पहिला महिना ती फार खूष होती. घरातच संडास-बाथरूम, नळाला पाणी, गॅलरीत भणाणता वारा. चाळीतल्या सगळ्यांना फोन करकरून सांगायची. मग एका सकाळी तिला कोथिंबीर हवी होती. लिफ्टने खाली उतरायचं, फाटकापर्यंत चालत जायचं, पुढे फुटपाथ नसलेल्या सर्व्हिस रोडने गाड्या चुकवत जायचं आणि हमरस्ता ओलांडून पलीकडचं दुकान गाठायचं. ती अर्ध्या रस्त्यातून परत आली. घाबरून नाही, अवघडून. दुसऱ्या दिवसापासून मी फोनवरून भाजी मागवायला लागले. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

तीन-चार महिन्यांनी लालबागची तिची मैत्रीण तिला भेटायला आली, दोन गाड्या बदलून, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. फाटकावरच्या माणसाने वहीत नाव लिहून घेतलं, घरी फोन लावला. आई देवापाशी बसली होती, तिला ऐकू आला नाही. मैत्रीण वीस मिनिटं उन्हात उभी राहिली आणि डबा घेऊन तशीच परत गेली. संध्याकाळी कळल्यावर आई मला म्हणाली, "भाजी घरी येते गं, पण मी कुठे जात नाही आणि माझ्याकडे कुणी येत नाही." ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. माझी चूक मला त्या दिवशी कळली. मी तिला मोठं घर दिलं होतं आणि तिची गल्ली काढून घेतली होती.

पुढच्या वर्षी आम्ही दादरला दोन खोल्यांत आलो. पहिल्या मजल्यावर. घर निम्म्याहून लहान. आठवड्याभरात कोपऱ्यावरची भाजीवाली आईला "आजी" म्हणायला लागली. एका जुडीसाठी आई दीड तास घालवायची: देवळाच्या पायरीवर पाच मिनिटं, वाण्याकडे चौकशी, कुणाच्या तरी नातवाचं बारसं, मग जुडी, वर दोन मिरच्या आणि कढीपत्ता फुकट. एकदा पावसाळ्यात ती सलग दोन दिवस खाली उतरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजीवालीने तिच्या मुलाला वर पाठवलं, "आजी दिसल्या नाहीत, बऱ्या आहेत ना?" आई तापाने फणफणली होती आणि मी तिला दोन दिवस क्रोसिनवर ठेवलं होतं. त्या मुलाने विचारलं म्हणून मी तिला डॉक्टरकडे नेलं. मलेरिया निघाला.

राहायला चांगलं शहर ओळखायची माझी खूण हीच. तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर कुणाच्या लक्षात येईल का? आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आणि सगळ्यांत लहान माणसाला स्वतःच्या पायांनी, कुणालाही न विचारता, कुठपर्यंत जाता येतं? बागा, तलाव, मॉल, उड्डाणपूल हे सगळं त्यानंतर.

ही खूण चांगल्या नशिबाने मिळते असं मात्र समजू नका. ती आखून बांधावी लागते आणि मुंबईने ती एके काळी आखली होती. १८९६ साली शहरात प्लेग आला. दाटीवाटीच्या, उजेडवारा नसलेल्या वस्त्यांत माणसं पटापट गेली. त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळा हा भाग नव्याने मांडला. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, बेताच्या उंचीची घरं, मध्ये बागा, चालत जाता येईल अशी शाळा आणि बाजार. दादरच्या पारशी कॉलनीतल्या पाच बागा आजही जाऊन बघा. भर मे महिन्यात दुपारी त्या रस्त्यांवर चालता येतं. १९२५ साली महापालिकेने शिवाजी पार्कचं मैदान लोकांसाठी खुलं केलं. त्याच्या कडेच्या कट्ट्यावर शंभर वर्षं माणसं बसतायत आणि बसायचे पैसे कुणी मागत नाही. मला या शहरात सगळ्यांत जास्त अभिमान कशाचा वाटत असेल तर त्या कट्ट्याचा. नव्या वस्त्या बांधताना आम्ही पोहण्याचे तलाव बांधले, कट्टे बांधले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चाळीचं गुणगान मी करतेय असं वाटलं तर तेही खरं नाही. चाळीत शेजार होता, पण पहाटे चारला उठून पाणी भरणं बाईच्या वाट्याला होतं, आणि बाळंतिणीलाही मजल्याच्या टोकाच्या सामायिक संडासापर्यंत चालत जावं लागायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या बीडीडी चाळींमधल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत लोकांनी पिढ्या काढल्या. आता त्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं होतायत याचा मला आनंदच आहे. चाळीतला शेजार हवा, चाळीतला संडास नको, असं माझं साधं मत आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात असं मी आजही मानते.

आता लोकलबद्दल, कारण तिथे तुम्हाला रडू आलं. यात कमीपणा काही नाही. मुंबईत वाढलेल्या बायकासुद्धा रडल्या आहेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ३४ किलोमीटर, आणि नंतरचं सगळं शहर त्या रुळांना धरून उत्तरेकडे लांबत गेलं. समुद्रात घुसलेली चिंचोळी पट्टी, कामं दक्षिणेला, परवडणारी घरं उत्तरेला. सकाळी सगळे एकाच दिशेने निघतात आणि संध्याकाळी सगळे उलट दिशेने. गर्दी लोकांच्या स्वभावात नाही, या रचनेत आहे. ती जीवघेणी आहे हेही मी लपवणार नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ऑफिसला निघालेली माणसं. लोक सोसतात म्हणून शहर चांगलं, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. सोसावं लागू नये यासाठी पूल रुंद करायचे असतात.

पण त्याच गाडीत बायकांच्या डब्याचा एक रिवाज आहे, तो तुम्हाला कुणी सांगितला नसेल म्हणून सांगते. आत शिरल्यावर बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे?" ती म्हणेल "अंधेरी" किंवा "वांद्रे". मग ती उतरली की ती जागा तुमची. तुमच्यानंतर आलेली बाई तुम्हाला विचारेल आणि तुमच्यानंतरची जागा तिची. तीन जणींच्या बाकावर चौथी टेकते, तिला चौथी सीट म्हणतात, आणि ती मागितली की बाकीच्या सरकतात. कुरकुरतील, पण सरकतील. संध्याकाळच्या गाडीत बायका मटार सोलतात, गवार मोडतात, दसऱ्याला डबा झेंडूने सजवतात. तुम्ही गर्दीच्या वेळी, सामान घेऊन, हा "कुठे?" माहीत नसताना चढलात. पुढच्या खेपेला दुपारी बारानंतर चढा आणि विचारून बघा.

आता घरांकडे येते. माझं मत स्पष्ट सांगते: पार्ले घ्या, पण हे घर घेऊ नका.

पार्ले का? तुमच्या यजमानांना पार्ल्याहून स्लो लोकलने सांताक्रूझ, खार, वांद्रे, माहीम, माटुंगा रोड, दादर, प्रभादेवी आणि मग लोअर परळ, एकच गाडी, कुठे बदलायला नको. घोडबंदरहून आधी बस किंवा रिक्षाने ठाणे स्टेशन गाठायचं, मग लोकलने करी रोड, मग चालत. ठाणे स्टेशनपर्यंतचा तो पहिला टप्पाच रोजचा दिवस खातो. तीन वर्षं ते घरापासून लांब राहिले. आता एका गावात येऊनही लेकीला रात्री झोपलेलीच बघणार असतील तर येण्यात अर्थ काय? मुंबईत पत्ता सांगताना पूर्व की पश्चिम आणि स्टेशनपासून चालत किती, हे आधी विचारतात ते याचसाठी.

आणि पार्ले पूर्वेला गल्ली आहे. स्टेशनलगत भाजीबाजार, चालत जाता येतील अशा मराठी माध्यमाच्या जुन्या शाळा, लोकमान्य सेवा संघाचं टिळक मंदिर, नाटकाला दीनानाथ नाट्यगृह. सासूबाईंना भजनाला, व्याख्यानाला, निदान वर्तमानपत्र चाळायला जायला जागा आहे. लेकीचं मराठी टिकेल का ही काळजी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण येऊन वर्षभराने ती तुम्हाला वाटेलच, म्हणून हेही लिहून ठेवते.

मग हे घर का नको? कारण दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. रोज एकट्या भाजीला जाणाऱ्या बाईला तुम्ही तिथे नेलंत तर पहिले पंधरा दिवस त्या हौसेने जिने चढतील, मग दिवसाआड उतरतील, मग आठवड्यातून एकदा. खाली कितीही चांगली गल्ली असली तरी त्यांच्यासाठी ती अकराव्या मजल्याइतकीच लांब होईल. त्याच पट्ट्यात पहिला मजला बघा किंवा लिफ्टची इमारत, मग घर आणखी वीस-तीस फुटांनी लहान मिळालं तरी चालेल. ३३०-३४० फुटांत चार माणसं म्हणजे अडचण होणारच. लेकीचा अभ्यास, तुमचं दोघांचं दार लावून बोलणं, सासूबाईंची दुपारची झोप, सगळं एकमेकांच्या वेळा सांभाळून करावं लागेल. हे आधीच बसून बोलून घ्या. घर लहान असलं की खालच्या गल्लीलाच घराची एक खोली व्हावं लागतं, म्हणून तर मी गल्लीवर एवढी अडून बसलेय.

पार्ल्यात भाडं जमलं नाही तर मुलुंड पूर्व बघा, ठाण्यात नौपाडा बघा. तिथूनही स्लो लोकलने करी रोड थेट आहे. नौपाड्याहून मासुंदा तलाव आणि गडकरी रंगायतन चालत जाता येतं, संध्याकाळी तलावपाळीवर बसायला जागा आहे. ठाणे वाईट आणि मुंबई चांगली असं मी अजिबात म्हणत नाहीये. स्टेशनपासून लांब, हमरस्त्याच्या कडेला, फाटकाआडचं घर तुमच्या घरातल्या माणसांसाठी चुकीचं आहे, एवढंच. दोघं नवराबायको, दोघांची ऑफिसं ठाण्यातच, मूल पोहायला शिकतंय, अशा कुटुंबाला मी घोडबंदरच सांगितलं असतं.

घर ठरवण्याआधी काही गोष्टी विचाराव्याच लागतात. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हे दलालाला नाही, शेजारणीला विचारा. (तुम्हाला गंमत वाटेल, मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं काही तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. अप्पर वैतरणा धरण इगतपुरी तालुक्यात आहे.) पावसात पाणी कुठवर चढतं हे तळमजल्यावरच्या वाण्याला विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवशी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे जुना दुकानदार हात लावून दाखवतो. मुंबईचं घर खरं तर जुलैत बघावं. एप्रिलमध्ये सगळ्याच इमारती चांगल्या दिसतात.

पार्ल्यातल्या जुन्या इमारतीच्या बाबतीत आणखी एक. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का? सोसायटीच्या सेक्रेटरीला सरळ विचारा. तिथे एकामागून एक जुन्या इमारती पाडल्या जातायत. करार होऊन सहा महिन्यांत घर रिकामं करायची वेळ आली तर लेकीची शाळा मध्येच अडकेल. शेजारच्या इमारतीचं बांधकाम चालू असेल तर दोन वर्षं धूळ आणि आवाज धरून चाला. विमानतळ जवळ आहे, विमानांचा आवाज येतो. त्याची सवय होते, पण सासूबाईंची झोप हलकी असेल तर दोन रात्री तिथे काढल्यावर कळेलच. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. "आपल्यात कशाला कागद" म्हणणाऱ्याचं घर कितीही चांगलं असलं तरी सोडा.

डॉक्टर किती अंतरावर आहेत हेही पायी चालून बघा. मोठ्या आजाराची भीती बाळगू नका. परळला केईएम १९२६ पासून आहे, टाटा मेमोरियल १९४१ पासून, आणि गावोगावहून माणसं तिथे येतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना तिथे आसरा मिळतो. शहर पाहुण्याशी कसं वागतं हे बघायचं असेल तर मी कुणालाही आधी तिथे जायला सांगेन. हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्याची बडदास्त पैशाने होते. हातात औषधाची चिठ्ठी घेऊन, भाषा न समजता स्टेशनवर उतरलेल्या माणसाला जे शहर झोपायला जागा देतं, तिथे मी आनंदाने राहते. मात्र त्याच रुग्णालयांबाहेर फुटपाथवर झोपलेली माणसंही आहेत, आणि त्यांच्या अंगावरून आम्ही रोज जातो.

आता ते दोन दिवस.

पंचवटी एक्स्प्रेसने या आणि दादरला उतरा. पुलावरून पश्चिम रेल्वेला जा, गर्दी ओसरली की पार्ल्याला जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये बसा. सामान एका पिशवीत मावेल एवढंच आणा. मुक्काम पार्ले पूर्वेलाच करा, नातलग नसतील तर साधं लॉज चालेल. पहिल्या दिवशी दुपारी झोपा. संध्याकाळी पाचला बाहेर पडा आणि सासूबाईंच्या चालीने चाला, तुमच्या नाही. त्यांना कुठे थांबावंसं वाटतं, थांबल्यावर टेकायला काही मिळतं का, रस्ता ओलांडताना त्या तुमचा हात धरतात का, ते बघा. संडास लागला तर कुठे जायचं, हेही त्याच फेरीत शोधा. बायकांना हे नेहमी घराबाहेर पडल्यावरच आठवतं आणि मग त्या पाणी पिणं सोडतात. मी स्वतः कित्येक वर्षं तेच केलं आणि त्याचा त्रास अजून भोगतेय. लेकीला मोकळं सोडा, तिला खेळायला कोण भेटतं ते बघा. रात्री दीनानाथला नाटक असेल तर जा आणि चालत परत या. साडेअकराला त्या रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, तुमची पावलं आपोआप भराभर पडतात का, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी मात्र थोडी मुंबई बघा. सासूबाई नाशिकला परतल्यावर मैत्रिणींना काय सांगतील, याचाही विचार करायला हवा. घारापुरीला नेऊ नका. लेणी अप्रतिम आहेत, पण शंभराच्या वर पायऱ्या चढाव्या लागतात. विमानतळ टर्मिनल १ च्या स्थानकापर्यंत रिक्षा करा आणि भुयारी मेट्रो घ्या. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, स्थानकांत लिफ्ट आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. वाटेत सिद्धिविनायकला उतरा, दर्शन घ्या, मंगळवार सोडून. तिथून हुतात्मा चौक. मग विजेवर चालणारी दुमजली बस मिळाली तर लेकीला वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत बसवा. संध्याकाळ मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, जिथे तुम्हाला आधी बरं वाटलं होतं तिथेच काढा. परत पार्ल्याला या, निघायची घाई करू नका. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची पंचवटी पकडा. परतीचं आरक्षण आधीच करा, सुट्टीच्या दिवसांत मिळत नाही.

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक काम करा. तुम्ही दोघी मायलेकी खोलीवरच थांबा. सासूबाईंच्या हातात पन्नासची नोट आणि कापडी पिशवी द्या आणि सांगा, "आई, कोथिंबीर आणता का?" मागोमाग जाऊ नका, खिडकीतूनही बघू नका. घड्याळ लावा. त्या दहा मिनिटांत परत आल्या तर काय झालं ते विचारा. तासाभराने आल्या तर जुडी कितीला मिळाली, भाजीवाली कुठल्या गावची आणि तिला नातवंडं किती, हे सगळं त्यांच्याकडून नीट ऐकून घ्या, आणि मला कळवा.